गावची यात्रा, गावातलाच धंदा: फुकट स्टॉल देऊनही माल का उरतो आणि काय बदलावे

विचारणा अशी आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातले तीन हजार वस्तीचे गाव. चैत्र पौर्णिमेला ग्रामदैवताची दोन दिवसांची यात्रा. लोकवर्गणी सहा लाखांच्या आसपास. गेल्या वर्षी यात्रा कमिटीने बचत गटांना आणि गावातल्या छोट्या विक्रेत्यांना बारा स्टॉल फुकट दिले. तरी निम्म्या जणांचा माल उरला, दोन गट तोट्यात गेले आणि यंदा कोणी बसायला राजी नाही. हातात दहा आठवडे आहेत, तर काय बदलावे?

फुकट जागेने विक्रेत्याचे फार तर हजारभर रुपये भाडे वाचते. तोटा होतो तो माल उरल्याने. माल का उरतो, तर जागा चुकते, वेळ चुकते, अंदाज चुकतो. जागा आणि वेळ तर पूर्णपणे कमिटीच्याच हातात असतात. म्हणून गेल्या वर्षीचा दोष गटांवर टाकू नका. गटांच्या बैठकीत तसे स्पष्ट सांगा, नाहीतर यंदा गटातल्या बायका पुन्हा येणार नाहीत.

आधी कमिटीची स्वतःची खरेदी

यात्रेतला सर्वांत मोठा आणि सर्वांत खात्रीचा गिऱ्हाईक म्हणजे कमिटी. तमाशाची सुपारी, रोषणाई, बँड आणि कुस्त्यांचे इनाम हे पैसे बाहेर जाणारच, त्यात काही गैर नाही. पण महाप्रसाद, हारतुरे, पत्रावळी आणि कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता ही खरेदी बहुतेक गावांत शेवटच्या आठवड्यात तालुक्याच्या दुकानातून होते. तिथे बदल करा.

समजा, 2000 पानांचा लापशी, भात आणि आमटी असा महाप्रसाद आहे. एका पानाला लापशीचा रवा 60 ग्रॅम, गूळ 50 ते 60 ग्रॅम, तांदूळ 75 ग्रॅम आणि तूरडाळ 30 ग्रॅम धरा. म्हणजे 120 किलो रवा, 100 ते 120 किलो गूळ, 150 किलो तांदूळ, 60 किलो डाळ. रव्यासाठी 135 ते 140 किलो गहू गावातून घेऊन गावच्याच गिरणीवर भरडता येतो. चाळणीत पीठ आणि कोंडा निघतो तेवढी घट धरलेली आहे. निवडणे, भरडणे, चाळणे हे काम एका गटाला मजुरीवर द्या. तांदूळ आणि डाळ निवडण्याचे काम दुसऱ्या गटाला द्या. ही रक्कम मोठी नसेल, पण ती बुडत नाही, आणि त्या पैशातून गटाला स्टॉलचा माल भरता येतो.

झेंडूची रोपे लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी तोड सुरू होते. म्हणजे दहा आठवडे हाताशी असताना आजच एका शेतकऱ्याला हार-तोरणांसाठी किती किलो फुले लागतील ते सांगावे लागेल. आठवडा उशीर झाला तर फुले पुन्हा बाजारातूनच आणावी लागतील. कुंभारालाही आत्ताच सांगा. चैत्र हा माठांचा हंगाम, शिवाय पौर्णिमेनंतर अडीच आठवड्यांनी अक्षय्य तृतीया येते. त्या सणाला पुजायच्या मातीच्या करा-केळीची जोडी यात्रेतच घेऊन ठेवणाऱ्या बायका खूप असतात. पण भट्टीला अवकाळीचा धोका असतो. म्हणून माल यात्रेच्या किमान 15 दिवस आधी भाजून झालेला हवा.

खरेदीत एक अट कधीही मोडू नका: ऑर्डर देताना 40 टक्के आगाऊ, उरलेले यात्रेनंतर आठ दिवसांत. कमिटीची वर्गणी श्रावणापर्यंत गोळा होत राहते आणि तोवर गटाचे पैसे अडकतात. गटाने ते अंतर्गत कर्जातून आणलेले असतात आणि त्यावर महिन्याला व्याज चढते. गेल्या वर्षीच्या तोट्यातला काही भाग याच वाटेने गेला का, ते दोन्ही गटांच्या वह्या पाहून तपासा. आगाऊ द्यायला पैसे नसतील तर वर्गणीचा पहिला हप्ता माघ संपण्याआधी गोळा करा. पावती पुस्तकाला अनुक्रमांक हवेत. मंडळ नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्या. ही तरतूद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये आहे आणि ती फक्त गणेशोत्सवापुरती नाही.

कोण येते आणि काय घेते

यात्रेची गर्दी एकजिनसी नसते. आसपासच्या गावांचे भाविक येतात. त्यांना नारळ, हार, रेवडी-गोडीशेव, मुलांना खेळणी आणि एखादे खाणे हवे असते. मसाल्याचे पाकीट ते घेत नाहीत, कारण तो त्यांच्या घरीही होतो. दुसरे असतात मुंबई-पुण्याहून आलेले गावकरी आणि माहेरवाशिणी. काळा मसाला, भाजणी, शेवया, कुरडया, नाचणीचे पापड, हातसडीचे तांदूळ यांचा खरा गिऱ्हाईक हाच. रात्री तमाशाला आणि सकाळी हजेऱ्यांना (तमाशाच्या दिवसाच्या खेळाला) येणारे तिसरे. त्यांना चहा, भेळ, वडापाव, भाकरी-पिठले लागते. बैलगाडा शर्यत असेल तर घाटावरची, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरची, गर्दी आणखी वेगळी. तिथे पाणी, ताक आणि उसाचा रस खपतो. पापडाचे पाकीट तिथे नेऊ नका.

मुंबईकर यात्रेत खरेदी करतात, पण निघताना. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी, बॅग भरताना, आणि त्या वेळी स्टॉल बहुधा उठलेला असतो. यावर उपाय आगाऊ नोंदणीचा. गावाचा मुंबई-पुण्याच्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट असतोच. त्यावर यात्रेच्या सहा आठवडे आधी वस्तू, वजन आणि दर यांची यादी टाका. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. नोंदणी तीन आठवडे आधी बंद करा, म्हणजे त्या अंदाजाने माल करता येतो. पाकिटावर नाव लिहून ती देवळाजवळच्या एका खोलीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ते दुपारी 3 वाटा. पहिल्या वर्षी नोंदणी झाली त्याच्या दीडपटच माल करावा, त्याहून एक पाकीट जास्त नको. पौर्णिमा आठवड्याच्या मधल्या वारी येत असेल तर तो दीडपटीचा आकडाही सव्वापटीवर आणा. शनिवार-रविवार जोडून आल्यावर होणारी मुंबईकरांची गर्दी मधल्या वारी होत नाही.

आणखी एक गोष्ट गावातल्या माणसाला माहीत असते, पण आखणी करताना विसरते. पहिला दिवस गोड नैवेद्याचा, दुसरा दिवस घरोघरी तिखटाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मटण असते तेव्हा बाहेर भाकरी-पिठले कोणी खात नाही. जेवणाचा स्टॉल पहिल्या दिवशी संध्याकाळी छबिना (देवाच्या पालखीची मिरवणूक) निघण्याच्या आधीपासून तमाशा रंगेपर्यंत चालवा आणि बंद करा.

जागेची आखणी

गेल्या वर्षी स्टॉल देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर होते का, ते आठवून पाहा. दर्शनाला जाणाऱ्याच्या हातात नैवेद्याचे ताट असते, नारळ असतो, मूल असते. तो थांबत नाही. थांबतो तो परतताना. जाण्याच्या वाटेवर फक्त हार, नारळ, गुलाल-भंडारा आणि चपला ठेवायची जागा. गावातल्यांचा बाकी सगळा माल परतीच्या वाटेवर लावा आणि बांबू लावून वाट एकेरी करा. हा एक बदल केलात तरी गेल्या वर्षीपेक्षा विक्री वाढेल.

स्टॉल 10 बाय 10 फुटांचा पुरतो, मधली वाट किमान 15 फूट हवी. अग्निशमनाचा बंब आणि रुग्णवाहिका त्यातूनच जाणार आहेत. तोंडे पूर्वेला किंवा उत्तरेला करा. चैत्रात दुपारी तीन ते साडेपाच पश्चिमेचे ऊन थेट मालावर येते. चिक्की पाघळते, पापडाच्या पाकिटाला आतून दमटपणा धरतो आणि उभे राहणाऱ्याच्या पाठीवर ऊन येते, म्हणून तो पुढे सरकतो. तळणाचे स्टॉल वाऱ्याच्या खालच्या बाजूला, मांडवापासून दूर. त्या दिवसांत दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. कर्ण्यासमोर कोणालाही बसवू नका. भाव ऐकू येत नसेल तर गिऱ्हाईक विचारत नाही. तिथेच जागा उरली असेल तर किमतीचा फलक मोठ्या अक्षरात लावा.

पाळणेवाले आणि खेळणीवाले वर्षभर यात्रांच्या मागे फिरतात. त्यांना बाहेरचे म्हणून टाळू नका, गर्दी तेच थांबवतात. त्यांच्या शेजारी गावचे खाण्याचे स्टॉल ठेवले की मूल पाळण्यात असताना आई-वडील शेजारी काहीतरी घेतात. मात्र जागेचा लिलाव करू नका. लिलावात परतीच्या वाटेवरची तोंडाची जागा सर्वांत जास्त पैसे देणाऱ्याकडे जाते. ग्रामपंचायतीने फुटावर भाडे ठरवावे, उदाहरणार्थ बाहेरच्यांना फुटाला 50 रुपये, गावातल्यांना 25, आणि प्रत्येकाला पावती. गावातल्यांना पूर्ण माफी नको. भाड्याबरोबर 300 रुपये अनामत घ्या, जागा झाडून दिल्यावर परत करा. फुकट जागा अडवून न येणारे यामुळे कमी होतात. आदल्या संध्याकाळी फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखणी करून क्रमांक टाका आणि गावातल्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटा. तोंडी सांगून ठेवलेली जागा पहाटे हमखास दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली असते.

भाकरी-पिठल्याचा स्टॉल नेमका कुठे अडतो

गट नेहमी विचारतात, किती माणसांचे साहित्य भरू? खरा प्रश्न तासाला किती भाकऱ्या होतात हा आहे. सराईत बाई एका चुलीवर तासाला 25 ते 30 भाकऱ्या करते. ताटात दोन भाकऱ्या धरल्या तर चार चुलींवर तासाला जेमतेम 50 ते 60 ताटे. गर्दीचे तास संध्याकाळी सात ते साडेदहा, म्हणजे साडेतीन. 200 ताटे ही चार चुलींची हद्द झाली. त्याहून जास्त साहित्य भरले तर ते उरणारच, रांग कितीही लांब असली तरी. दुपारी भाकऱ्या थापून ठेवण्याचा मोह होतो, पण फडके घातलेल्या दुरडीतही अर्ध्या-पाऊण तासापलीकडे ज्वारीची भाकरी कडक होते आणि ताट परत येते.

200 ताटांना लागेल: ज्वारीचे पीठ 40 किलो, बेसन 6 किलो, कांदा 10 किलो, तेल अडीच लिटर, हिरवी मिरची तीन किलो, लसूण सव्वा किलो. ज्वारी यात्रेच्या दोन-तीन दिवस आधीच दळा. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना चिरते आणि सवयीची बाईसुद्धा निम्म्या वेगावर येते. थापायला चार जणी, त्यांना बदली द्यायला दोघी, पिठल्याला एक, वाढायला दोघी, पैसे घेणारी एक. पैसे घेणारीने अन्नाला हात लावायचा नाही.

ताटासाठी पळसाच्या पत्रावळी घ्या. थर्माकोलच्या आणि एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिकच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. गॅस वापरायचा तर 19 किलोची व्यावसायिक टाकी. घरगुती टाकी स्टॉलवर नेली तर कारवाई होऊ शकते आणि अपघात झाल्यावर विम्याचाही प्रश्न उभा राहतो. टाकी उभी, शेगडीपासून दूर, नळी आयएसआय चिन्हाची आणि चिरा न पडलेली.

दर कसा काढायचा

गटांचा तोटा बहुतेक वेळा विक्रीच्या आधीच, दर ठरवताना झालेला असतो. उदाहरणासाठी काळा मसाला घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला. 10 किलो कच्चे साहित्य किलोला 400 प्रमाणे 4000 रुपये. गट म्हणतो, 10 किलोची 250 ग्रॅमची 40 पाकिटे, एक पाकीट 100 रुपयांना पडले, 150 ला विकू, 50 सुटले. आता पूर्ण हिशेब पाहा. डंकावर (मसाला कांडायच्या यंत्रावर) कांडणे किलोला 40 प्रमाणे 400. तेल-जळण 250. निवडणे, भाजणे, भरणे यांत दोघी जणींचे दोन दिवस, 350 रोजाने 1400. मिरचीचे देठ, भाजण्यातली घट आणि कांडताना उडणारे मिळून किलोभर कमी, म्हणजे 9 किलो, 36 पाकिटे. पिशवी आणि चिठ्ठी पाकिटामागे 7 प्रमाणे 252. स्टॉलचा वाटा 300. एकूण 6602 रुपये, पाकिटाला 183. म्हणजे 150 ला सगळी 36 पाकिटे विकली गेली तरी 1202 रुपये तोटा. माल संपला म्हणून गट खूश, आणि दोघींची जवळजवळ सगळी मजुरी बुडालेली. दर 220 ठेवला तर 36 पाकिटांवर तेराशेच्या आसपास सुटतात. महाग वाटत असेल तर 100 ग्रॅमचे पाकीट काढा, पण दर पाडू नका.

मसाला गरम असताना पाकिटात भरला की आत पाणी सुटते, गाठी होतात आणि बुरशी धरते. रात्रभर ताटात पसरून, फडके झाकून, पूर्ण निवल्यावर सकाळी भरा.

पाकिटावर लागते ते असे: पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याची तारीख, कोणत्या तारखेपर्यंत वापरावे ते, बॅच क्रमांक, गटाचे नाव, पत्ता आणि संपर्क, शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक. ही नोंदणी फॉस्कॉस या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. लहान व्यवसायासाठीचे शुल्क वर्षाला 100 रुपये राहिलेले आहे. महा-ई-सेवा केंद्रवाला त्यावर किती घेतो ते आधी विचारा. अर्ज आजच करा, शेवटच्या आठवड्यात क्रमांक मिळेल असे धरू नका. वजनकाटा पडताळून मुद्रांकित केलेला हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर 12 महिन्यांनी करावी लागते. गावात दोन चांगले काटे असतील तर ते स्टॉलवाल्यांमध्ये सामाईक ठेवा.

पैसे, सुटे, वीज, पाणी

छबिन्याच्या वेळी एका टॉवरवर हजारो मोबाइल येतात आणि यूपीआय अडते. म्हणून प्रत्येक स्टॉलला सुटे हवेत: 10 च्या 60 नोटा, 20 च्या 25, आणि 5 ची 40 नाणी, मिळून 1300 रुपये. हे बँकेतून पंधरा दिवस आधी कमिटीने एकत्र आणावे. किमती 20, 50, 100 अशा ठेवल्या की सुट्यांची ओढ कमी होते. गटाच्या स्टॉलवर एखादीच्या मुलाचा वैयक्तिक क्यूआर लावणे हे भांडणाचे मूळ असते. रात्री कोणते पैसे यात्रेचे आणि कोणते घरचे हे उलगडत नाही. गटाच्या खात्याचा व्यापारी क्यूआर बँकेकडून महिनाभर आधी मागा.

भांडवलासाठी दोन महिन्यांचे अंतर्गत कर्ज किंवा ग्रामसंघाकडचा (गावातल्या बचत गटांच्या संघाकडचा) निधी पुरे. 10,000 रुपयांवर महिना 1 टक्क्याने दोन महिन्यांचे व्याज 200 रुपये होते. दोन दिवसांच्या विक्रीसाठी बँकेचे लांब मुदतीचे कर्ज काढू नका. डंक, पापड मशीन किंवा वाळवणी यंत्र घ्यायचे असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदानाची आणि गटाच्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद होती. चालू वर्षी अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या. स्टॉलला दोन दिवे आणि एक पंखा, 150 वॅट धरले तर 20 स्टॉलचे 3 किलोवॅट. एकाने जरी 2 किलोवॅटची शेगडी लावली तरी सगळी रांग अंधारात जाते, म्हणून ती मनाई लेखी द्या. 30 मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच आणि अर्थिंग यांत काटकसर नको, कारण अवकाळीची एक सर पुरते. पिण्याच्या टाकीत 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर विरघळवून टाका, तासभर थांबा, पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहणारी ओटी चाचणी घ्या, मगच नळ सोडा.

तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावला जाल तेव्हा हजेरीची वेळ आणि रात्रीचा खेळ सुरू होण्याची वेळ पक्की करून घ्या आणि ती स्टॉलवाल्यांना लिहून द्या. जेवणाचा स्टॉल किती वाजता पेटवायचा हे त्यावर ठरते. छबिना दीड तास लांबला तर पीठ भिजवायचे थांबवा, असा निरोप देणारा एक कार्यकर्ता नेमा.

यात्रा संपल्यावर तिसऱ्या दिवशी, मांडव उतरत असतानाच, प्रत्येक स्टॉलकडून पाच आकडे घ्या: आणलेला माल, विकलेला, उरलेला, हाती आलेली रक्कम, आणि कोणत्या तासाला सर्वांत जास्त विक्री झाली. आठ दिवस गेले की हे आकडे कोणाला आठवत नाहीत. उरलेली बंद पाकिटे पुढच्याच आठवडे बाजारात एका सामाईक टेबलावर ठेवा. त्या टेबलाची बाजार फी त्या एका दिवसापुरती कमिटीने भरावी.